पाण्यातील विषाणूंसाठी मेम्ब्रेन: निवड, पडताळणी आणि देखभाल

पिण्याच्या पाण्यासाठी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, निवडताना बहुतेक जण माहितीपत्रकावरचा छिद्राचा आकार पाहतात आणि तिथेच थांबतात. जीवाणू आणि आदिजीव यांच्यापुरते ते बऱ्याच अंशी चालून जाते. विषाणूंच्या बाबतीत मात्र तो एकटा आकडा काहीच सिद्ध करत नाही. विषाणू अडेल की निसटेल, हे मेम्ब्रेनचा पदार्थ, त्याच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार, पाण्याचा सामू (पीएच), वर साचलेला थर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेम्ब्रेनला वळसा घालून कडेने जाणारे पाणी, या सर्वांवर मिळून ठरते. लहान पाणीयोजना चालवणारे, संस्थेसाठी यंत्रणा विकत घेणारे आणि प्रयोगशाळेत नवे मेम्ब्रेन तयार करणारे अशा तिघांच्याही हाती निर्णय ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने पुढील मांडणी केली आहे.

आधी लक्ष्य ठरवावे

पाण्यातून पसरणारे नोरोव्हायरस, एन्टेरोव्हायरस, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई हे विषाणू साधारण २७ ते ४० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचे असतात. रोटाव्हायरस आणि ॲडेनोव्हायरस त्याहून मोठे, म्हणजे ७० ते १०० नॅनोमीटरच्या घरात असतात. जीवाणू यांच्या कितीतरी पट मोठे, सहसा ५०० नॅनोमीटरच्या वर असतात. म्हणून मेम्ब्रेनची निवड मधल्या किंवा सरासरी आकाराच्या नव्हे, तर सर्वांत लहान विषाणूच्या हिशेबाने करावी लागते आणि तो आकार २५ ते ३० नॅनोमीटर धरावा.

दुसरा प्रश्न असा की, विषाणू किती प्रमाणात कमी व्हायला हवेत? हे प्रमाण ‘लॉग’मध्ये मोजतात. १ लॉग म्हणजे ९० टक्के, २ लॉग म्हणजे ९९ टक्के, ४ लॉग म्हणजे ९९.९९ टक्के घट. ‘९९ टक्के विषाणू दूर’ ही जाहिरात ऐकायला भारदस्त वाटते, पण ज्या पाण्यात लिटरमागे १,००,००० विषाणू आहेत त्यात अशा गाळणीनंतरही १,००० उरतात. आणि आतड्यांच्या अनेक विषाणूंचा संसर्ग होण्यासाठी अगदी थोडे कण पोटात जाणे पुरेसे असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ मध्ये पृष्ठभागावरील जलस्रोतांसाठी केलेल्या नियमात विषाणूंसाठी ४ लॉगची अट घातली. जागतिक आरोग्य संघटना घरगुती जलशुद्धीकरण साधनांची प्रतवारी करताना विषाणूंसाठी दोन तारांकित साधनाकडून किमान ३ लॉग आणि तीन तारांकित साधनाकडून किमान ५ लॉग घट अपेक्षिते. आपली अपेक्षित घट आधी कागदावर लिहून ठेवावी आणि ती एकट्या मेम्ब्रेनने द्यायची आहे की क्लोरीन किंवा अतिनील किरणांसह मिळून, हेही सोबतच ठरवावे. हा निर्णय मागाहून घेतला, तर यंत्रणा दुपटीने महाग तरी होते किंवा असुरक्षित तरी राहते.

छिद्राचा आकडा वाचण्याची रीत

गाळणीने जीवाणू अडतात, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये बनवलेला चिनीमातीचा गाळक जीवाणू अडवत असे. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्हस्की यांना रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्या गाळकातून गाळल्यावरही संसर्गक्षम राहतो असे आढळले आणि त्यातून विषाणूंच्या शोधाची वाट खुली झाली. पुढे १९३१ मध्ये विल्यम एल्फोर्ड यांनी ठरावीक आकारांच्या छिद्रांची कलोडियनची (सेल्युलोजपासून बनणाऱ्या पदार्थाची) मेम्ब्रेन तयार केली आणि कोणत्या छिद्रातून कोणता विषाणू जात नाही, यावरून विषाणूंचे आकार मोजले. थोडक्यात, विषाणू आकारानुसार अडवता येतात याबद्दल आता शंका नाही. शंका असते ती समोरच्या मेम्ब्रेनमधली सर्व छिद्रे खरोखर तेवढीच लहान आहेत का, याबद्दल.

मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रे साधारण १०० नॅनोमीटरपासून पुढे असतात, त्यामुळे एकटा सुटा विषाणू त्यातून आरपार जातो. अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रे सहसा १० ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. विषाणूंसाठी यातील २० नॅनोमीटर किंवा त्याखालचेच मेम्ब्रेन विचारात घ्यावे. नॅनोफिल्ट्रेशनमध्ये छिद्र सुमारे १ नॅनोमीटरचे असते, तर आरओच्या (रिव्हर्स ऑस्मोसिसच्या) मेम्ब्रेनमध्ये नेहमीच्या अर्थाने छिद्रच नसते.

माहितीपत्रकावरचा आकार बहुधा सरासरी किंवा नाममात्र असतो, आणि सरासरीत सर्वांत मोठे छिद्र दडून जाते. ते किती महागात पडते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. छिद्रातून वाहणारे पाणी व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २० नॅनोमीटरच्या छिद्राच्या तुलनेत १०० नॅनोमीटरच्या छिद्राचा व्यास पाचपट, पण त्यातून जाणारे पाणी ६२५ पट असते. ज्या मेम्ब्रेनमध्ये २० नॅनोमीटरच्या दर ६२५ छिद्रांमागे १०० नॅनोमीटरचे केवळ एक छिद्र आहे, त्यातले निम्मे पाणी त्या एका छिद्रातून जाईल आणि सोबत विषाणूही नेईल. काही उत्पादक छिद्राऐवजी किलोडाल्टन या एककात रेणुभाराची मर्यादा देतात. ही मर्यादा म्हणजे सामान्यतः ज्या रेणूंपैकी ९० टक्के अडतात त्यांचा रेणुभार. ९० टक्के म्हणजे अवघा १ लॉग, हे विसरू नये. त्यामुळे विक्रेत्याकडे छिद्राच्या आकाराऐवजी छिद्रांच्या आकारांचा पल्ला मागावा, आणि त्याहीपेक्षा प्रत्यक्ष विषाणू वापरून केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा.

पदार्थाची निवड

अल्ट्राफिल्ट्रेशनसाठी आज मुख्यतः पॉलिइथरसल्फोन आणि पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड) हे दोन बहुलक (पॉलिमर) वापरात आहेत आणि त्यांचे मेम्ब्रेन सहसा पोकळ तंतूंच्या रूपात असते. पॉलिइथरसल्फोनमध्ये छिद्रे लहान आणि बऱ्यापैकी एकसारखी राखता येतात, पाणीही सहज झिरपते. पीव्हीडीएफचे तंतू चिवट असतात आणि क्लोरीन चांगले सोसतात, पण तीव्र अल्कलीने कालांतराने ठिसूळ होतात. ज्या ठिकाणी कॉस्टिक सोड्याने वारंवार धुवावे लागणार आहे तिथे हे लक्षात घ्यावे. ॲल्युमिना, टायटेनिया आणि झिर्कोनिया यांची सिरॅमिक मेम्ब्रेन उष्णता, आम्ल आणि क्लोरीन या सर्वांना पुरून उरतात, मात्र ती महाग आणि जड असतात, शिवाय एखादा आदळा बसला तर डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते. घरगुती वापराच्या साध्या मातीच्या किंवा सिरॅमिक कँडलची छिद्रे विषाणूंच्या मानाने फार मोठी असतात. नाव एकच असले तरी या दोन वस्तूंची गल्लत करू नये.

आरओ आणि नॅनोफिल्ट्रेशनचे मेम्ब्रेन बहुधा पॉलिअमाइडचे असते. पॉलिसल्फोनच्या सच्छिद्र आधारावर पॉलिअमाइडचा साधारण १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार केलेला असतो आणि अडवण्याचे सारे काम तोच करतो. हा पापुद्रा मुक्त क्लोरीनने खराब होतो. म्हणून आरओच्या आधी सक्रिय कोळशाने किंवा सोडियम बायसल्फाइटने क्लोरीन काढून टाकावे लागते; आणि मग क्लोरीनविरहित पाण्यात जीवाणूंची वाढ सुरू होते, तीही सांभाळावी लागते. पाण्यात क्षारांचा प्रश्न नसेल, तर केवळ विषाणूंसाठी आरओ बसवणे मला योग्य वाटत नाही. त्यात दाब जास्त लागतो, पाण्याचा बराच भाग वाया जातो आणि आवश्यक खनिजेही निघून जातात. नीट निवडलेले अल्ट्राफिल्ट्रेशन आणि त्यापुढे निर्जंतुकीकरण ही जोडी बहुतेक ठिकाणी पुरेशी ठरते.

यापुढचा वर्ग धनभारित गाळकांचा आहे. बहुतेक विषाणू उदासीन पाण्यात ऋणभारित असतात, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म तंतू किंवा धनभारित बहुलकाचा लेप दिलेले माध्यम त्यांना ओढून धरते. छिद्रे मोठी असूनही विषाणू अडतात आणि दाब कमी लागतो, हे त्याचे मोठे आकर्षण आहे. पण धरून ठेवणे आणि अडवणे यांत फरक आहे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये आणि फॉस्फेट हेही ऋणभारित असल्याने तीच जागा व्यापतात आणि गाळकाची क्षमता हळूहळू संपते; पाण्याचा प्रवाह मात्र पूर्वीसारखाच सुरू राहतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय सामू वाढला की धरलेले विषाणू सुटतात. पाण्यातील विषाणू गोळा करण्यासाठी प्रयोगशाळा नेमका याच गुणाचा उपयोग करतात: धनभारित गाळकातून भरपूर पाणी गाळायचे आणि मग सुमारे ९.५ सामूच्या गोमांस-अर्काच्या द्रावणाने विषाणू सोडवून घ्यायचे. जे प्रयोगशाळेत मुद्दाम केले जाते ते पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेत नकळत घडू शकते, म्हणून अशा गाळकाला एकमेव अडसर मानू नये.

चांदी, तांबे किंवा प्रकाशसंवेदी टायटेनिया मेम्ब्रेनमध्ये गुंफून विषाणू निष्क्रिय करण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. त्यांची अडचण वेळेची आहे. मेम्ब्रेनमधून पाणी काही क्षणांत पार होते आणि धातूला आपले काम करायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. चांदीचा खरा उपयोग मेम्ब्रेनवर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढू न देण्यापुरता मानावा. विषाणूंबद्दल तिच्यावर भिस्त ठेवू नये.

नव्या पदार्थांपैकी नॅनोसेल्युलोज मला सर्वांत आश्वासक वाटते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये क्लॅडोफोरा या हिरव्या शेवाळाच्या सेल्युलोज तंतूंपासून बनवलेल्या गाळणकागदाने विषाणू आकारानुसार अडवता येतात, हे दाखवले. सेल्युलोजची या क्षेत्रातील परंपरा मुळातच जुनी आहे: जपानमधील असाही कासेई कंपनीने पुनर्जनित सेल्युलोजच्या पोकळ तंतूंचा विषाणूगाळक रक्तद्रवापासून बनणाऱ्या औषधांसाठी १९८९ मध्ये बाजारात आणला. औषधनिर्मितीत असा गाळक वापरून झाल्यावर त्याची अखंडता तपासतात आणि तो टाकून देतात. पिण्याच्या पाण्याला ती चैन परवडत नाही. तेच मेम्ब्रेन वर्षानुवर्षे वापरायचे असते, आणि नव्या पदार्थाची खरी कसोटी तिथे लागते. ग्राफीन ऑक्साइड आणि कार्बन नॅनोनलिका यांबाबत अजून मोठ्या क्षेत्रफळावर दोषरहित थर घालण्याचाच प्रश्न आहे.

कडेने जाणारे पाणी

पदार्थ कितीही उत्तम असला तरी तो नळीत चिकटवलेला असतो, नळीला ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, असते आणि ओ-रिंग खोबणीत बसलेली असते. एका लिटर शुद्ध पाण्यात अशा एखाद्या फटीतून कच्च्या पाण्याचा एक थेंब मिसळला असे समजा. थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे लिटरचा २०,०००वा भाग. मेम्ब्रेनने प्रत्येक विषाणू अडवला तरी त्या यंत्रणेची एकूण घट ४.३ लॉगच्या पुढे जाऊ शकत नाही. गळती १ मिलिलिटर असेल तर ३ लॉगवरच थांबावे लागेल. ६ लॉगचे मेम्ब्रेन विकत घेऊन जुनीच ओ-रिंग पुन्हा बसवणे व्यर्थ आहे, ते यामुळे.

म्हणून जोडणी करताना ओ-रिंग बोटांनी फिरवून पाहावी. चपटी झालेली, चीर असलेली किंवा कडक झालेली रिंग लगेच बदलावी. खोबण स्वच्छ पुसून वाळूचा कणही उरला नाही ना हे पाहावे. वंगण म्हणून ग्लिसरीन किंवा उत्पादकाने सुचवलेले सिलिकॉन वापरावे; खनिज तेलाचे ग्रीस अनेक प्रकारच्या रबराला फुगवते, त्यामुळे ते टाळावे.

विषाणू वापरून पडताळणी

मानवी विषाणू वापरणे धोक्याचे असल्याने चाचणीसाठी जीवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजे फाज, वापरतात. एमएस-२ आणि फाय-एक्स-१७४ हे दोन फाज एकत्र वापरावेत. दोघांचाही व्यास सुमारे २५ ते २७ नॅनोमीटर आहे आणि दोघेही माणसाला अपायकारक नाहीत; पण एमएस-२ उदासीन पाण्यात ठळकपणे ऋणभारित असतो, तर फाय-एक्स-१७४ जवळपास भाररहित असतो. आकार सारखा आणि भार वेगळा असल्याने मेम्ब्रेन विषाणूला कशाच्या जोरावर अडवते, हे या जोडीवरून उघड होते. दोघांची घट सारखीच आली तर आकारामुळे अडवणूक होते आहे असे मानता येते. एमएस-२ अडला आणि फाय-एक्स-१७४ निसटला, तर ते काम विद्युतभाराचे आहे आणि पाणी बदलताच निकालही बदलेल.

फाजचे मूळ द्रावण वापरण्याआधी १०० नॅनोमीटरच्या गाळणीतून गाळून घ्यावे, कारण विषाणूंच्या गुठळ्या असतील तर त्या सहज अडतात आणि मेम्ब्रेन आहे त्याहून चांगले दिसते. ५ लॉगची घट दाखवायची असेल तर येणाऱ्या पाण्यात मिलिलिटरमागे किमान १० लाख फाज असावेत. येणाऱ्या पाण्यात १०,००० आणि गाळलेल्या १ मिलिलिटरमध्ये शून्य, असा निकाल आला तर ‘४ लॉग किंवा अधिक’ एवढेच लिहिता येते. ‘१०० टक्के’ असे कधीही लिहू नये.

नमुने केव्हा घ्यावेत, यावर बरेच काही अवलंबून असते. वापरात असलेल्या मेम्ब्रेनवर गाळाचा थर चढतो आणि तो स्वतःच विषाणू अडवू लागतो, त्यामुळे सर्वांत वाईट कामगिरी नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या मेम्ब्रेनची असते. पहिला नमुना तिथेच घ्यावा. त्यानंतर बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून केलेली धुलाई) झाल्याबरोबर, यंत्रणा दोन दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर, आणि थंड, गढूळ, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यावर नमुने घ्यावेत. धनभारित गाळक असेल तर शेवटी विषाणू नसलेले, ९ सामूचे पाणी सोडून बाहेर येणाऱ्या पाण्यात फाज सापडतात का, ते आवर्जून पाहावे.

मोजणी ई. कोलायच्या यजमान जातीवर, अगर या जेलसारख्या माध्यमाच्या दुहेरी थराच्या पद्धतीने करतात आणि रात्रभर उबवल्यावर दिसणारे प्लाक, म्हणजे फाजने जीवाणू मारल्याने पडलेले स्वच्छ ठिपके, मोजतात. केवळ पीसीआर या जनुकद्रव्य मोजणाऱ्या चाचणीवर थांबू नये, कारण त्यात निष्क्रिय झालेल्या विषाणूंची जनुकद्रव्येही मोजली जातात. धातूयुक्त मेम्ब्रेनच्या चाचणीत याच्या उलट चूक संभवते: बाटलीत उतरलेली चांदी किंवा तांबे नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत विषाणू मारत राहते आणि त्याचे श्रेय मेम्ब्रेनला मिळते. त्यासाठी नमुन्याच्या बाटलीत योग्य शमनद्रव्य, म्हणजे ही क्रिया थांबवणारे रसायन, आधीच घालून ठेवावे. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी सोडियम थायोसल्फेट चालते.

रोजच्या रोज काय तपासता येते

फाजची चाचणी रोज करता येत नाही, म्हणून चालू यंत्रणेत हवेच्या दाबाची चाचणी करतात. मेम्ब्रेन पूर्ण ओले असताना एका बाजूचे पाणी काढून तिथे साधारण १ बार दाबाची हवा भरायची, झडप बंद करायची आणि काही मिनिटांत दाब किती उतरतो हे पाहायचे. नवे मॉड्यूल (मेम्ब्रेन बसवलेली नळी) बसवल्यावर येणारा आकडा नोंदवून ठेवावा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

या चाचणीची मर्यादा मात्र स्पष्ट समजून घ्यावी. छिद्र जितके लहान, तितका त्यातून पाणी ढकलून हवा पार करायला लागणारा दाब जास्त. ३ मायक्रोमीटरच्या छिद्रासाठी तो सुमारे १ बार असतो. ३० नॅनोमीटरच्या छिद्रासाठी १०० बारच्या आसपास लागेल आणि तो पोकळ तंतूंना सोसवणार नाही. म्हणजे ही चाचणी तुटलेला तंतू किंवा फाटलेली जोडणी दाखवते, विषाणूच्या आकाराचा दोष दाखवत नाही. आरओमध्ये विद्युतवाहकता मोजण्याची पद्धत आहे, पण तीही तोकडीच पडते: येणाऱ्या पाण्याची वाहकता ५०० आणि शुद्ध पाण्याची १० मायक्रोसिमेन्स असेल तर त्यातून केवळ १.७ लॉगच सिद्ध होतो, मेम्ब्रेन प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त विषाणू अडवत असले तरी.

या मर्यादेमुळेच मेम्ब्रेननंतर दुसरा अडसर ठेवण्याचा माझा आग्रह आहे. हे अडसर एकमेकांच्या उणिवा भरून काढतात. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव मेम्ब्रेनमध्ये हमखास अडतो. अतिनील किरणांना चिवटपणे तोंड देणारा ॲडेनोव्हायरस आकाराने मोठा असल्याने अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये अडतो. आणि मेम्ब्रेनमधून निसटण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेले लहान विषाणू क्लोरीनने निष्क्रिय होतात. गाळलेल्या पाण्यात ८ पेक्षा कमी सामूला किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. पाणी आधीच स्वच्छ झालेले असल्याने त्यासाठी क्लोरीनही कमी लागते.

धुणे आणि सांभाळणे

मेम्ब्रेनच्या आधी तुरटी किंवा लोहक्षाराची थोडी मात्रा दिली तर विषाणू त्यातून बनणाऱ्या पुंजक्यांत अडकतात आणि गाळणे बरेच सुधारते. मात्र मात्रा चुकली तर मेम्ब्रेन लवकर तुंबते. सेंद्रिय थर काढण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि लोह किंवा क्षारांचा थर काढण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरतात. ही दोन्ही रसायने कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन धुलायांच्या मध्ये भरपूर पाणी सोडावे आणि खोली हवेशीर ठेवावी. पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला हायपोक्लोराइट लावू नये.

वापरलेले मेम्ब्रेन कोरडे पडू देऊ नये, कारण त्याची छिद्रे आकसतात. गोठूही देऊ नये, कारण बर्फाने तंतू फाटतात. बॅकवॉशच्या आणि आरओच्या त्याज्य पाण्यात अडवलेले सर्व विषाणू एकवटलेले असतात, म्हणून ते भाजीपाल्यावर किंवा पुन्हा मूळ टाकीत सोडू नये.

दाबाची चाचणी नापास झाली तर ते मॉड्यूल त्याच क्षणी बंद करावे आणि क्लोरीनचे प्रमाण तपासून उरलेल्या मॉड्यूलवर पुरवठा सुरू ठेवावा. मॉड्यूल पाण्यात बुडवून हवा सोडली की तुटलेल्या तंतूच्या टोकातून बुडबुडे निघतात. त्या तंतूच्या दोन्ही टोकांना पिन किंवा इपॉक्सी भरून तो कायमचा बंद करावा. त्यानंतर चाचणी पुन्हा घ्यावी, आणि मॉड्यूलचा क्रमांक, तारीख, बंद केलेल्या तंतूंची संख्या नोंदवावी. एकाच मॉड्यूलमध्ये तंतू वारंवार तुटत असतील तर तंतू बुजवत बसण्यापेक्षा बॅकवॉशचा दाब, झडपांचे धक्के आणि धुण्याच्या रसायनांची तीव्रता तपासावी आणि ते मॉड्यूल बदलावे.